आधी टर्न मोजायला शिकवलंत, सर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

समोर आलो की तुम्ही आभाराचं काही बोलू देत नाही. "चहा घे आणि दुरुस्तीला किती मोटारी आल्या ते सांग," म्हणून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. आता तुम्हाला पूर्ण वाचावंच लागेल.

मार्च २०२० मध्ये मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात होतो. १६ वर्षं, सगळी ठेकेदाराकडून. लॉकडाऊन लागला, ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला आणि ऑगस्टमध्ये कळलं की शॉपच बंद झालंय. ना नोटीस, ना हिशेब. भाडं थकलेलं. बायको, दोन पोरं आणि संसार टेम्पोत घालून माण तालुक्यात गावी आलो, तेव्हा वय ४२ होतं. लोक विचारायचे, "सुट्टीवर आलायस का?" मी हो म्हणायचो. सहा महिने हो म्हणत राहिलो.

उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या ताईंनी सांगितलं की साताऱ्याला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोटार रिवाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, ३० दिवसांची बॅच लागतेय, राहणं-जेवण सगळं मोफत. वयाची अट ४५ पर्यंतची. म्हणजे मी बसत होतो, पण मन बसत नव्हतं. पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर जाऊन बसायचं, याची लाज वाटत होती.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यापुढे तीन एचपीची जळालेली मोटार ठेवलीत. तो करपलेल्या वार्निशचा वास अजून नाकात आहे. मी छिन्नी उचलली आणि जुनं वायंडिंग तोडायला निघालो, तर तुम्ही मनगट धरलंत. "घाई करू नका. हिच्या पोटात काय होतं ते ती एकदाच सांगते." मग वही काढायला लावलीत. तार बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, २४. कॉइल कुठल्या स्लॉटमधून कुठल्या स्लॉटमध्ये जाते: एक-बारा आणि दोन-अकरा. तारेचा गेज, म्हणजे जाडी. आणि टर्न, म्हणजे तारेचे वेढे. मी मोजले, तुम्ही म्हणालात परत मोजा. दुसऱ्यांदा दोनचा फरक आला. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत जेवणाची सुट्टी होऊन गेली. तुम्ही माझ्याबरोबर तसेच बसून राहिलात. टर्न कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढून तापते, जास्त झाले तर जोर कमी पडतो, हे तेव्हा सांगितलंत, हातात तार असताना. १६ वर्षं मी मशीनचं बटण दाबलं होतं, पण आत काय चालतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी एकेकानं उभं राहून काल काय शिकलो ते सांगायचं, हा तिथला नियम. माझी पाळी आली तेव्हा आवाज फुटेना. तुम्ही मागून एवढंच म्हणालात, "टर्नचं सांगा." सांगितलं. त्या दिवसापासून वयाचा विचार डोक्यातून गेला.

अशा संस्थांची सुरुवात १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरेला, धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकारानं, दोन बँकांना बरोबर घेऊन झाली. पुढे केंद्राच्या ग्रामविकास खात्यानं तोच नमुना जिल्ह्याजिल्ह्यात नेला. हे मला नंतर कळलं. तिथे असताना एवढंच दिसत होतं की सरकारच्या पैशानं चाललेल्या जागेत कुणी वसकन बोलत नाही आणि ताटात गरम भाकरी पडते. काम गेलेल्या माणसाला या दोन गोष्टी किती लागतात, ते काम गेल्याशिवाय कळत नाही.

एका पोरानं तुम्हाला भर वर्गात विचारलं होतं, "सर, तुमचं स्वतःचं दहिवडीत दुकान आहे. आम्ही शेजारी दुकान टाकलं तर?" तुम्ही हातातली बांबूची खिट्टी स्लॉटमध्ये बसवत म्हणालात, "माण-खटावात जळणाऱ्या मोटारी माझ्या एकट्याच्यानं उरकणार आहेत का? टाका की." आणि लगेच, मोटार का जळते, यावर आलात. लाइट आली की ऑटो स्विचवरचे सगळे पंप एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं. कधी एक फेज जातो आणि मोटार गुरगुरत जळून जाते. मोटार भरून देण्याआधी शेतकऱ्याला हे विचारायचं, नाहीतर महिन्यात तीच मोटार परत येते. मी अजून आधी विचारतो, मग पाना उचलतो.

सर्टिफिकेट मिळालं, पण नुसतं सर्टिफिकेट ट्रंकेतच राहिलं असतं. एका बँकेच्या शाखेनं मला तीनदा माघारी पाठवलं. चौथ्यांदा तुम्ही दुकान बंद ठेवून, गाडीवर मला मागे बसवून, स्वतः कोटेशन घेऊन आलात. मुद्रा कर्जाच्या शिशू गटातून ५० हजार मिळाले. वायंडिंग मशीन, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि पहिली तार त्यातूनच आली. संस्थेकडून दोन वर्षं चौकशीचे फोन यायचे, आणि तुमचे त्याहून जास्त. प्रशिक्षणाचे किती वर्ग झाले हे मोजणं सोपं आहे. मला विचाराल तर सरकारनं या दोन वर्षांच्या फोनांवर जास्त खर्च करावा.

एक रात्र सांगायचीच आहे. कांद्याला पाणी चालू असताना एकाची मोटार गेली. उघडली तर आधीच्या मिस्त्रीनं टर्न मनानंच टाकलेले, डाटा कशाशीच जुळेना. साडेदहाला तुम्हाला फोन केला. तुम्ही पाच मिनिटांत तुमच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. २० वर्षांची ती वही. मिस्त्री लोक असली वही सख्ख्या भावाला दाखवत नाहीत. पुढच्या आठवड्यात तिची अख्खी झेरॉक्स माझ्या हातात दिलीत, आणि "बाइंडिंग करून घे," एवढंच म्हणालात.

बाइंडिंग केलंय, सर. बायकोनं वर निळं कापड शिवलंय. गावात आता कुणी सुट्टीबद्दल विचारत नाही, "मोटार झाली का?" असं विचारतात.

पाच एचपीच्या पानावर मात्र तिसऱ्या ओळीतला टर्नचा आकडा झेरॉक्समध्ये पुसट आलाय, ४८ आहे की ४३ ते कळत नाही. अंदाजानं लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय. रविवारी दुकानावर येतो, मूळ वहीत बघून घेतो. चहा घेईन. पण या वेळी आभाराचं बोलू द्या.

तुमचा,
२०२१ च्या बॅचमधला, मागच्या बाकावरचा विद्यार्थी
तालुका माण, जिल्हा सातारा