बढतीचा अर्ज भरण्याआधी

हायडेलबर्ग, जर्मनी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बढतीच्या अर्जात एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती आणि ते किती वेळा उद्धृत झाले यावरून काढलेला आकडा, किती लिहायचा असं विचारलंस. आकड्याकडे नंतर येऊ. आधी तुझे सगळे पेपर एका नावाखाली आण, आज ते विखुरलेले आहेत.

लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावानं आहेत, नंतरचे सासरच्या. काहींवर आपल्याकडे चालतं तसं नाव आणि नुसती आद्याक्षरं. त्यातच 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं गावाचं इंग्रजी नाव बदललं, म्हणून जुन्या पेपरांवर पत्ता ‘बेलगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’. स्कोपस, म्हणजे पेपर आणि ते कुठं उद्धृत झाले यांची नोंद ठेवणारी यादी, नाव, संस्था, विषय, सहलेखक असं सगळं ताडून लेखक ओळखते. त्यातलं बरंच बदललं की एकाच माणसाची दोन खाती पडतात.

तोटा किती होतो ते बघ. समज, नऊ पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन्स (दुसऱ्या लेखांत किती वेळा उद्धृत झाले ते) 46, 31, 19, 12, 9, 7, 6, 4, 2 अशी उतरत्या क्रमानं लावली. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो एच-इंडेक्स. सहाव्या पेपरला 7 आहेत, म्हणजे चालतो. सातव्याला 6 च आहेत, तिथं थांबायचं. उत्तर 6. आता हेच पेपर दोन खात्यांत पडले, एकीकडे 46, 19, 9, 6, 2 आणि दुसरीकडे 31, 12, 7, 4, तर दोन्हीकडे 4 च दिसतो. समितीसमोर यातलं एकच खातं उघडलं, तर नुकसान तुझं.

म्हणून आधी ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी क्रमांक काढ, फुकट मिळतो. त्यात ‘इतर नावं’ या रकान्यात माहेरचं नाव आणि आद्याक्षरांचे सगळे प्रकार भर. मग स्कोपसमध्ये दोन्ही खाती निवडून एकत्र करण्याची विनंती पाठव आणि शेवटी ऑर्किड त्याला जोड. गूगल स्कॉलरवर खातं कॉलेजच्या ईमेलनं पडताळून घे. तिथं नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवून ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवड. पाटील, कुलकर्णी, देसाई अशा आडनावांच्या खात्यात दुसऱ्याच कुणाचे पेपर येऊन बसतात, आणि समितीतल्या कुणी ते पाहिलं तर संशय तुझ्यावर येतो. प्रीप्रिंट (छापण्याआधी खुला ठेवलेला मसुदा) आणि छापील पेपर वेगवेगळे दिसत असतील, तर दोन्हींवर खूण करून एकत्र कर.

स्कॉलरचा आकडा बहुधा मोठाच येतो. ते प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदांची टिपणं सगळंच मोजतं. अर्जात आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिही. स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन्स वगळूनही आकडा काढता येतो, तोही दे. लपवण्यासारखं काही नसलं की ते आधीच दाखवलेलं बरं.

आता माझं मत. एच-इंडेक्स हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये सुचवला. वरच्या यादीतल्या 46 चे 460 झाले तरी तो 6 च राहतो. तो लेखकांचा क्रमही बघत नाही. आपल्या विषयात, रेणवीय जीवशास्त्रात, हा क्रम फार बोलका असतो. प्रत्यक्ष प्रयोगांत राबलेला पहिला, प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा. मधल्या जागेवरचे दहा पेपर आणि पहिल्या-शेवटच्या जागेवरचे चार, यांत मी चारांना वजन देईन. तेव्हा प्रत्येक पेपरपुढे एका ओळीत लिही, तू नेमकं काय केलंस: प्रायमर डिझाइन, क्लोनिंग, क्यूपीसीआर, विश्लेषण.

सायटेशन्स म्हणजे मोठेपण, असंही समजू नकोस. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लॉरीचा 1951 चा पेपर 3 लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा 1953 चा पेपर 2014 मध्ये ‘नेचर’नं काढलेल्या पहिल्या शंभरांत नव्हता. पद्धत रोज वापरली जाते म्हणून नोंदवली जाते. शोध पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा मूळ पेपर फारसं कुणी उद्धृत करत नाही.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र स्वतःच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून लिहू नकोस. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेल्या सायटेशन्सची ती सरासरी असते, आणि मूठभर लेख ती वर ओढतात. तुझा पेपर त्यांतला आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं यावरच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानं नेमणूक-बढतीत हा आकडा वापरू नये असंच म्हटलंय.

जीनबँकेत (डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहात) दिलेल्या सिक्वेन्सेसचे ॲक्सेशन म्हणजे नोंदणी क्रमांक, इतरांना पाठवलेले प्लाझ्मिड (प्रयोगात वापरायचे डीएनएचे छोटे गोल तुकडे), तुझ्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी, हे एच-इंडेक्समध्ये कुठंच येत नाही. त्याचा वेगळा तक्ता जोड.

खाती एकत्र व्हायला वेळ लागतो, तेव्हा आजच बस. यादी तयार झाली की मला पाठव, ओळीनं तपासून देतो. आईबाबांना सा. न., भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ