सीटवर रुमाल टाकायच्या आधी

प्रिय भावा,

तुझा मेसेज परवा रात्री बघितला, "धाकटीचं अ‍ॅडव्हान्स निघालं, आता पुढं काय करायचं सांग" एवढाच. मर्दा एवढी मोठी बातमी आणि एका ओळीत! मी इथं इंटर्नशिपला बेंगळुरूत, पीजीच्या गच्चीवर जाऊन एकटाच हसत बसलो. फोन करणार होतो पण फोनवर आपलं बोलणं भलतीकडंच जातं आणि तू सेवा केंद्रात बसलेला, मागं चार माणसं रेशनकार्ड घेऊन उभी. म्हणून लिहून पाठवतोय. लांब होणार आहे. तू वाच आणि तिला पण वाचायला दे, तुझ्या आण्णांना मात्र सगळं वाचून दाखवू नको, का ते पुढं कळेल.

पहिलं म्हणजे, आयआयटीची ती अ‍ॅडव्हान्स परीक्षा निघाली याचा अर्थ सीट मिळाली असा नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०२४ ला अ‍ॅडव्हान्स ४८ हजारांवर पोरं पास झाली आणि सगळ्या आयआयटी मिळून सीटा होत्या १७,७४०. पोरीची रँक चांगली आहे आणि मुलींच्या जादा सीटा २०१८ पासून वेगळ्या आहेत, त्यामुळं तिचं होईल असं मला वाटतंय, पण वाटणं आणि होणं यात फरक असतोय.

माझं आठवतंय ना? २०२२, सप्टेंबर. गणपतीचे फ्लेक्स अजून उतरले नव्हते, आपल्या गावाची नुकतीच महानगरपालिका झालेली, त्यामुळं गल्लोगल्ली भावी नगरसेवक. निकाल लागला त्याच रात्री चौकात माझा फ्लेक्स, "आयआयटी मध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा, आणि माझ्यापेक्षा मोठा त्या भावी नगरसेवकाचा. निवड कुठली, नुसता पास झालो होतो. आई त्या चौकातनं जाताना पदर सावरून जायची. मी मात्र त्या बाजूनं जायचंच बंद केलं, कारण तोवर मला जोसा, म्हणजे सीटा वाटायची ऑनलाइन प्रक्रिया, काय असते हे वाचून घाम फुटला होता. सीट नाही मिळाली तर फ्लेक्स कोण उतरवणार हाच विचार डोक्यात.

आणि मग ती चॉइसची यादी, कुठल्या कॉलेजची कुठली शाखा पाहिजे ती क्रमानं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मी ज्या कॅफेत फॉर्म भरला तिथला माणूस म्हणाला, दहा-बारा टाक, बास होतंय. मी अकरा टाकले. अकरा! तिथं कितीही टाकता येतात रे, शंभर टाक, दोनशे टाक, पैसे लागत नाहीत. आणि एकदा लॉक झालं की पुढच्या फेरीला नवीन घालता येत नाही. हॉस्टेलला गेल्यावर रूममेटनं त्याची यादी दाखवली. त्याचा बाप स्वतः आयआयटीचा. तीन वर्षांच्या क्लोजिंग रँकची, म्हणजे कुठली सीट शेवटी कितव्या रँकला गेली त्याची, एक्सेल शीट, रंग दिलेले, बापलेक चार रात्री बसले होते म्हणे. माझ्या पप्पांनी मला सगळ्या प्रकरणात एकच प्रश्न विचारला होता, "तिथं जेवाय देत्यात काय?" वाईट प्रश्न नव्हता तो, खरं सांगायचं तर घरातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. पण त्या शीटमध्ये मी माझी रँक शोधली आणि गप्पच झालो. दोन आयआयटीत मला मेकॅनिकल बसत होतं. माझ्या अकरात त्या नव्हत्याच.

मग मिळालं मेटलर्जी. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे भट्टीचं काम? एवढं शिकून शिरोलीच्या फौंड्रीतच जायाचं हुतं तर इथनं सायकलनं गेला असतास. आता मला तो विषय आवडतोय ही गोष्ट वेगळी, पण आवडला हे नशीब, माझी अक्कल नव्हे.

तर तिच्यासाठी एवढं कर. जोसाच्या साइटवर मागच्या वर्षांच्या ओपनिंग-क्लोजिंग रँक फुकट आहेत. तिच्या कॅटेगरीत 'फिमेल-ओन्ली' वाली लाइन बघायची, मुलं-मुली एकत्रवाली नाही, लोक हमखास तिथंच चुकतात आणि उगीच घाबरतात. आणि यादी मनाच्या क्रमानं लावायची. सगळ्यात वर जे सगळ्यात जास्त पाहिजे ते, मिळेल का नाही ते कॉम्प्युटर बघतोय. वर अशक्य टाकलं म्हणून खालचं जात नाही. क्लासवाले सर, शेजारचे काका, आण्णांच्या सायझिंगमधला कोणतरी ज्याचा भाचा पुण्यात आयटीत आहे, सगळे तिला "झेपेल तेवढंच टाक" म्हणतील. ऐकायचं आणि चहा पाजून पाठवायचं.

सीट लागली की फ्रीज, फ्लोट, स्लाइड विचारतील. मला याचा अर्थ कळायला अख्खी रात्र गेली, तुला एका मिनिटात सांगतो. एसटीत खिडकीतनं रुमाल टाकतोस ना, तसं. फ्रीज म्हणजे बसलो, आता उठत नाही. फ्लोट म्हणजे इथं रुमाल आहे पण मागनं दुसरी चांगली गाडी आली तर जाणार. स्लाइड म्हणजे गाडी हीच, फक्त पुढं खिडकीची जागा रिकामी झाली तर सरकणार. एकच लक्षात ठेव, दुसऱ्या गाडीत जागा लागली की पहिल्या गाडीतला रुमाल आपोआप गेला, परत मागायला जाता येत नाही. त्यामुळं यादीत असं काही टाकूच नको जे मिळाल्यावर रडू येईल.

आता दाखले. यात तू माझा गुरू आहेस, पण तरी लिहितो कारण तेव्हा तू पण नवीन होतास, झेरॉक्सच्या दुकानात कामाला. राज्याचं नॉन-क्रिमीलेयर तिथं चालत नाही, सेंट्रलच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि तो यंदाच्या १ एप्रिलनंतरचा. तुमचा आहे का तो? नसला तर हे पत्र इथंच ठेव आणि उद्या सकाळी पहिलं ते काम. माझा राज्याचाच अपलोड केला होता, क्वेरी आली, उत्तराला दिवस थोडे, आणि त्या ऑफिसात साहेब मीटिंगला. तू दुकान बंद करून माझ्या मागं गाडीवर बसलास, तिथल्या क्लार्कला पहिल्यांदा साहेब म्हणालास, मग काका म्हणालास, शेवटी नुसता उभा राहिलास. पाच चाळीसला सही झाली. मी कधी थँक्यू म्हणालो नाही तुला. आता पण म्हणत नाही, पण आठवण आहे.

क्वेरीचं उत्तर मुदतीत गेलं नाही तर सीट जाते. तसंच पैशाचं. पेपरात वाचलं असशील, २०२४ ला मुझफ्फरनगरकडच्या एका रोजंदारी करणाऱ्याच्या पोराची धनबादची सीट १७,५०० रुपयांसाठी गेली होती. गावातनं गोळा करून पैसे जमले तोवर पाच वाजले, पोर्टल बंद. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला बिचारा, तेव्हा चंद्रचूड साहेबांनी ३० सप्टेंबरला सीट परत द्यायला लावली. पण आपण कोर्टात कुठं जाणार! माझे ३५ हजार होते. पप्पांनी मालकाकडनं उचल घेतली, थोडे मामानं दिले, आणि रोख सगळं तुझ्या हातात देऊन तुझ्या खात्यातनं भरलं. उचल फिटायला पुढचा गणपती आला, तोवर दर आठवड्याला पगारातनं कापून. सांगायचं एवढंच की पैसे आधी खात्यात ठेव, शेवटच्या दिवसावर राहू नको, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड चालतोय का ते आजच बघ.

फीचं आण्णा घाबरले असतील. वर्षाची ट्यूशन फी २ लाख ऐकली की आपल्या घरात विषयच संपतो, माझ्या पण घरात संपला होता. पण घरचं उत्पन्न १ लाखाच्या खाली असेल तर ती पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखात असेल तर दोन तृतीयांश माफ. एससी-एसटीला पूर्ण माफच असते. म्हणजे तिला ट्यूशनचे वर्षाला साधारण ६७ हजार, हॉस्टेल आणि मेस वेगळं. आणि भावा, दाखल्यावरचा आकडा खरा घाल. तुझ्या केंद्रात "चाळीस हजार टाका की" म्हणणारे किती येतात मला माहितीय. तू तुझ्याच घरात ते करू नको, चार वर्षं दरवर्षी कागद द्यावे लागतात, आणि पोरीला दरवर्षी धाकधूक.

कर्जाचं पण बदललंय. मी गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी पहिला प्रश्न केला होता, घर कुणाच्या नावावर? भाड्याचं म्हटल्यावर फाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. आता नोव्हेंबर २०२४ ला पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली, मोठ्या संस्थांना तारण नाही, जामीनदार नाही, आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजाची सवलत. ऑनलाइनच भरायचा अर्ज.

आता सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं. तू लिहिलं नाहीस पण आण्णा म्हणतच असणार, सांगली काय लांब आहे, बायकांना एसटीत हाफ तिकीट, घरनं डबा, आणि २०२४ च्या जीआरनं ओबीसी मुलींना कॅपमधनं, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेऱ्यांतनं, प्रवेश घेतला की शिक्षण फी पूर्ण माफ. खोटं नाही त्यात काहीच. वालचंद १९४७ चं कॉलेज आहे, तिथनं निघालेली माणसं मला इथं ऑफिसात भेटतात आणि माझ्यापेक्षा हुशार आहेत. त्यामुळं सीईटीचा कॅपचा फॉर्म पण भरायचाच, तो सोडायचा नाही. पण पोरगी लांब नको म्हणून सांगली, असं असेल तर मी भांडणार. तिनं स्वतः म्हटलं मला सांगलीच पाहिजे, तर मीच पेढे घेऊन येतो.

आता ते जे आण्णांना वाचून दाखवायचं नाही ते. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये सगळे एकमेकांना विचारत होते, तुझे पप्पा काय करतात. एकाचे डॉक्टर, एकाचे रेल्वेत इंजिनिअर. माझी पाळी आली, मी म्हणालो, टेक्सटाईलमध्ये आहेत. तर समोरचा म्हणतो, अरे वा, कुठली कंपनी? भावा, दुसऱ्याच्या मागावर पिकाच्या (विणलेल्या धाग्यांच्या) हिशोबानं मजुरी, बारा तासांची पाळी, आणि मी म्हणतो, फॅमिली बिझनेस आहे. आई घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरते ते पण डोळ्यासमोर आलं, म्हणजे फॅमिली तर होतीच की बिझनेसला. पुढं वर्षभर मला ते खोटं सांभाळावं लागलं. पप्पांचा फोन आला की मी बाहेर व्हरांड्यात जायचो, कारण मागांमुळं त्यांना कमी ऐकू येतंय, ते ओरडून बोलतात आणि मागनं खटाखट आवाज. दुसऱ्या वर्षी एकदा बाहेर पाऊस होता, रूममधेच घेतला फोन. रूममेट म्हणाला, कसला आवाज आहे रे? मी म्हणालो, लूम. म्हणाला, तुमच्या? म्हटलं नाही, मालकाच्या. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मला कधी दाखवशील का चालताना? दिवाळीत आला होता तो, तूच नाही का त्याला स्टँडवरनं आणलास.

हे धाकटीला सांग, किंवा मीच सांगतो फोनवर. तिला इंग्रजीची पण भीती असेल. मी पहिलं सेमिस्टर लेक्चरमध्ये तोंड उघडलं नाही आणि एका विषयात लटकलो, शंका विचारायला सरांच्या ऑफिसात जाता येतं हेच माहिती नव्हतं. आपल्याकडं सरांच्या ऑफिसात बोलावलं की काहीतरी केलंय असा अर्थ. तिथं उलट आहे, जो जात नाही तो मागं पडतोय.

मी रोज साडेसातनंतर मोकळा आहे. यादी आपण तिघं व्हिडिओ कॉलवर बसून लावू, ती रँक शीट मी डाउनलोड करून ठेवलीय, तिच्या रँकच्या आसपासचं रंगवून पण झालंय, पिवळा म्हणजे होईल, केशरी म्हणजे बघू. लॉकचं बटण मात्र तिनंच दाबायचं, तू पण नाही आणि मी पण नाही.

आणि फ्लेक्सवाला आला तर सांग, अलॉटमेंट लेटर आल्यावर. फोटो पण आधीच चांगला काढून ठेव, हॉलतिकिटावरचा देऊ नको.

तुझाच,
बारक्या