क्लचखालची ती प्लेट काढून दिल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण जुनी गाडी जपणारे आपल्या ठाण्यात माझ्याखेरीजही पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत आणि कसं केलंत, ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

माझी झेन 2005 सालची. पंधरा वर्षं भरल्यावर रीतसर पुन्हा पासिंग करून घेतलेली, आजही एका सेल्फमध्ये सुरू होणारी. तिच्याखाली तेलाचे डाग पडायला लागले तेव्हा मी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि निकाल दिला: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकतंय, म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं तेल अडवणारं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवतोच आहोत तर क्लचही नवा घालून घ्या. खर्च पाच आकडी. घरी येईपर्यंत दोघातिघांनी "काढून टाक भंगारात" असा सल्लाही देऊन झाला होता.

तुम्ही मात्र पार्किंगमध्ये वाकून बघितलंत आणि म्हणालात, "तेल खाली वाहतं, वर चढत नाही. वरून बघत ये." एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात घालवलेल्या माणसाचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. रॉकेलच्या फडक्याने सगळं इंजिन पुसायला लावलंत, कोरडं झाल्यावर सांध्यासांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरलीत आणि मला खारेगाव नाक्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलंत. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, कोरडं. ऑइल फिल्टर कोरडा. ऑइल प्रेशरचा स्विच कोरडा. ओली रेघ फक्त मागे, क्लच हाउसिंगच्या खालच्या प्लेटच्या कडेला.

तिथेच गोम होती. चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याच्या, मागच्या कडेतून तेल सुटलं तरी ते त्या प्लेटवरून ठिबकतं आणि क्रँकचं सील गेलं तरी त्याच प्लेटवरून ठिबकतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. एक काम चेंबर उतरवून भागतं, दुसऱ्याला गिअरबॉक्स खाली आणावा लागतो. तुम्ही म्हणालात, "ही प्लेट निघाल्याशिवाय मी कुणालाच दोष देणार नाही, सीललाही नाही." काका, मला सगळ्यात जास्त आभार या एका वाक्याचे मानायचे आहेत.

आणि ती प्लेट निघता निघेना! खाडीची खारी हवा आणि वर्षानुवर्षांचा चिखल, बोल्टची डोकी गंजाने फुगलेली. बाकीचे बोल्ट कुरकुरत आले, एक अडला. त्याचं डोकं आधीच कुणीतरी पाना घसरवून गोल केलेलं. दहा मिलिमीटरची गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारा पान्याचा सॉकेट) त्यावर नुसती फिरत होती. मी म्हटलं, गॅस लावून तापवून घ्यायचा का? तुम्ही एकदम आवाज चढवलात. आजूबाजूला सगळं तेलाने माखलेलं, तिथे आग न्यायची नाही म्हणजे नाही. मग वायर ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारलात आणि हत्यारं आवरून ठेवलीत. "आज एवढंच. रात्रभर मुरू दे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी खाली आडवी होऊन अगदी जवळून पाहिलं. आधी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके. मग तीन सुताची सहाकोनी गोटी काढलीत. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर, दहाच्या गोल झालेल्या डोक्यावर घट्ट बसेल अशी. ती ठोकून बसवलीत. आणि सोडवायच्या आधी बोल्ट थोडा आवळायच्या दिशेला दाबलात. मला वाटलं तुमची दिशा चुकली. "कट" असा बारीक आवाज आला, गंजाची पकड सुटली, आणि मग पाव वळसा उलटा, पुन्हा थोडा सुलटा, थेंबभर तेल, पुन्हा उलटा. जोर केला असता तर बोल्ट आत तुटला असता. हाउसिंग अॅल्युमिनियमचं, म्हणजे ड्रिल करा, नवे आटे पाडा, हा सगळा व्याप वाढला असता. तुमच्या मनगटाला तो बोल्ट कुठे तुटेल हे कळत होतं. तसं मनगट मला मिळावं असं फार वाटतं.

बोल्ट निघाले तरी प्लेट चिकटलेलीच. मी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला तो तुम्ही बाजूला ठेवलात, कारण अॅल्युमिनियमवर पडलेला ओरखडा कायमचा. लाकडी ठोकळा लावून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असं हलवत हलवत ती खाली आणलीत. आत टॉर्च मारला. क्रँकच्या टोकाला सीलशेजारी बसलेलं जड चाक, फ्लायव्हील, कोरडं, त्याच्या मागची बाजू कोरडी, नुसती क्लचची काळी भुकटी. तेल होतं ते चेंबरच्या मागच्या कडेवर. सील शाबूत होतं! मला तिथेच आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेसुद्धा.

पुढचं काम तुमच्या हिशोबाने सोपं. तेल काढलं, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवला, चेंबर खाली आलं. ते सपाट काचेवर ठेवून तुम्ही दाखवलंत की बोल्टच्या भोकांपाशी पत्रा वर उचलला गेला आहे. कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट आवळत गेला आणि जितका आवळला तितका पत्रा वाकून मधली फट वाढत गेली. लाकडावर धरून तुम्ही कडा सरळ केल्यात, तेल ओढणारी जाळी धुतलीत, दोन्ही बाजूंचं जुनं सीलंट खरवडून थिनरने पुसलंत. नव्या सीलंटची रेघ बारीक आणि अखंड, भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त थापलेलं सीलंट आत गळून त्याच जाळीत अडकतं, हे मला पहिल्यांदा कळलं. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर, समोरासमोर, दहा-अकरा न्यूटन मीटरला. बस्स. आणि तेल त्या दिवशी भरू दिलं नाहीत, सीलंट सुकेपर्यंत थांबवलंत.

आणखी एक. काढलेलं काळं तेल मी कुठे ओतायचं विचारलं तेव्हा तुम्ही कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे द्यायला लावलंत. आपलं गटार खाडीलाच जातं. ठाण्याची खाडी 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, फ्लेमिंगो बघायला माणसं लांबून येतात, आणि त्याच खाडीत आपल्या सोसायट्यांमधून काय काय जातं याचा विचार फार थोडे करतात. तुम्ही करता.

गाडी घेऊन आईला माळशेज घाटातून ओतूरला नेऊन आणलं. पार्किंगमध्ये गाडीखाली घातलेला पुठ्ठा कोरडा आहे. प्लेटला तुम्ही नवे बोल्ट लावून आट्यांना ग्रीसचं बोट फिरवलंत, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी ती उघडेल त्याला आपल्यासारखी झटापट करावी लागणार नाही. जो कोणी म्हणजे बहुतेक मीच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, सीलंटच्या ट्यूबची पावती तेवढी हातात ठेवलीत. काकूंकडे आमच्या मळ्यातली चिंच दिली आहे, ती परत पाठवू नका. आणि दिवाळीनंतर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलायचं आहे. ते मी माझ्या हाताने करणार. तुम्ही फक्त शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि चुकलं की ओरडायचं.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण