मोत्याचा पाय आणि फोनवर न सांगितलेलं

येळ्ळूर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मामाच्या पोराबरोबर पाठवतेय. सोबत नवा तांदूळ, थोडा कुंदा आणि आईची राहिलेली लोकरीची शाल आहे. आई, पत्र तूच वाचून दाखव. बाबांचे थेंब अजून चालू आहेत, त्यांना डोळे ताणू देऊ नको. मध्ये एका ठिकाणी ते चिडतील. तिथे थांबू नको, तशीच पुढे वाचत जा.

रविवारी फोनवर "सगळं बरं आहे" म्हणाले ते खोटं होतं. बाबांनी विचारलं, मोत्याचा आवाज कसा नाही, आणि मी म्हणाले झोपलाय. झोपला नव्हता. माझ्या पायाशी आडवा होता, तोंडाला तुझ्या जुन्या नऊवारीचा काठ बांधलेला. दुसऱ्याच दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू काढायच्या आदल्या दिवशी मोत्याचं गाऱ्हाणं कशाला, म्हणून गिळून टाकलं.

झालं असं. मसूर कुठवर उगवलाय ते बघायला सकाळी पलीकडच्या शेतात गेले होते, मोत्या बरोबर. राजहंसगडाच्या वाटेकडच्या बांधावर शनिवारी रात्री कुणाची तरी ओली पार्टी झालेली. प्लॅस्टिकचे पेले, चिवड्याचे कागद, आणि बाटल्या नुसत्या टाकलेल्या नाहीत, धोंड्यावर आपटून फोडलेल्या. टिटवी उडाली, मोत्या तिच्यामागे सुटला, त्या काचांवरूनच गेला असणार. ओरडला नाही. घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला तरी मला पत्ता नाही. मागच्या दारातून आत शिरला आणि शहाबादी फरशीवर मी बघते, तीन पावलं धुळीची आणि एक लाल, तीन धुळीची आणि एक लाल, अशी थेट देवघरापर्यंत.

रक्त बघून माझेच हातपाय गार पडले. नंतर डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या तळव्याच्या गादीला रक्तपुरवठा भरपूर असतो, एवढीशी चीर गेली तरी खून झाल्यासारखं दिसतं. तेव्हा हे कुठलं माहीत! आणि शेजारच्या काकू दारात राखेची वाटी घेऊनच उभ्या. "राख भर की, काय हुईत नाही." मागून त्यांची सून हळद घेऊन. तिसरं कोणी तरी म्हणालं फिनेल ओत, म्हणजे अळ्या पडायच्या नाहीत. त्यांच्या वाड्यातल्या बैलाचं आयुष्य फिनेलवर गेलं असेल, पण उघड्या मांसाला ते भाजतं, आणि कुत्रं पाय चाटतं म्हणजे ते पोटातही जातं. हळद विषारी नाही, पण भुकटीचा चिखल होऊन बसला की आत काच आहे की काय ते दिसत नाही. सगळ्यांना चहा केला, पण पायाला हात लावू दिला नाही. काकू जरा फुगल्यात. तू आल्यावर समजूत काढ.

तोंड बांधलं ते आधी. आपला मोत्या जन्मात कुणाला चावला नाही हे खरं, पण दुखऱ्या जागी हात लागला की जनावर माणूस ओळखत नाही. काठाची पट्टी नाकावरून एक वेढा, गाठ हनुवटीखाली, मग दोन्ही टोकं कानांमागे. श्वास नीट चालतो ना बघायचं आणि काम झालं की लगेच सोडायची, कारण कुत्र्याला धापा टाकूनच अंग गार करता येतं. माझ्या बोटाला विळीचं कापलेलं होतं, म्हणून हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली. त्याची लाळ आणि माझी जखम एक व्हायला नको.

अर्धा लिटर पाणी उकळून कोमट केलं, त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ, आणि तांब्याने बारीक धार धरून पाय धुतला. चिखल गेल्यावर दिसलं. उजवा पुढचा पाय, मधली मोठी गादी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी चीर. टॉर्च तिरपा धरला की आत काहीतरी चमकायचं, सरळ धरला की नाहीसं व्हायचं. तुझा भुवयांचा चिमटा गॅसवर तापवून, गार करून घेतला आणि ज्या बाजूने काच आत गेली होती त्याच बाजूने ओढली. हिरवी, तिकोनी, नखाच्या कोरीएवढी. कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलीय, बाबांना दाखवायला. वर होती म्हणून काढली. खोल रुतलेली असती तर हात न लावता तसाच डॉक्टरांकडे नेला असता. ओढताना आतच मोडली तर कामच वाढतं.

मग दाबून धरलं. धुतलेल्या पंच्याची घडी जखमेवर, आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून पूर्ण दहा मिनिटं. सगळ्यात अवघड हेच. मिनिटा-मिनिटाला उचलून बघावंसं वाटतं, आणि उचललं की धरलेली खपली सुटते. तुमचा फोन आला तो नेमका सातव्या मिनिटाला. एका हाताने पाय, दुसऱ्या हाताने फोन. दहा मिनिटांनी थांबलं. पंधरा मिनिटांनीही वाहत राहिलं असतं तर रिक्षा बोलावणार होते.

बाबांच्या कपाटातली तपकिरी औषधाची बाटली, पोविडोन आयोडीन, तीच वापरली, पण पाणी घालून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाची करून. स्पिरिट लावलं नाही, डेटॉलही नाही. वर गॉज, बोटांच्या बेचक्यांत कापसाचे बोळे म्हणजे घामाने कातडी सोलवटत नाही, आणि त्यावर बाबांच्या गुडघ्याचं क्रेप बँडेज कापून सैलसर. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवली. सकाळ-संध्याकाळ ती चाचपायची. गार लागली किंवा नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पट्टी आवळलीय असं समजायचं. पहिल्या रात्री तशी फाकली होती, म्हणून अकरा वाजता सगळं सोडून परत बांधलं. बाहेर सोडताना पायावर नंदिनीच्या दुधाची धुतलेली पिशवी चढवायची आणि घरात आला की लगेच काढायची. कुत्र्याला घाम तळव्यांनाच येतो, पिशवी तशीच राहिली तर आत वाफ धरते.

चाटण्याने मात्र जीव खाल्ला. काकू म्हणतात, कुत्र्याच्या जिभेत औषध असतं. असलं तर असो, पण त्याने एका रात्रीत पट्टी कुरतडली आणि चिरेची कड पांढरी केली. रंगाच्या जुन्या बादलीचं बूड कापून ती गळ्यात घातली, तर तुळशी वृंदावनाला धडकला, मग तुझ्या कुंडीला, मग मला. दोन तासांत काढली. शेवटी पट्टीवरून मोजा चढवला, वर चिकटपट्टीचा सैल वेढा, आणि रात्री त्याचं अंथरूण माझ्या कॉटच्या कडेला. चाटायचा आवाज आला की "मोत्याऽ" म्हणायचं. जीभ आत जाते.

दुखतंय म्हणून बाबांची गुडघेदुखीची अर्धी गोळी द्यावी असं गल्लीत दोघांनी सुचवलं. आई, हे लक्षात ठेव, पुढे-मागे तूच देशील. माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. क्रोसिनही नको. वजन बघून डॉक्टर देतील तेवढंच.

मंगळवारी नेलाच दवाखान्यात. तसा पाय टेकत होता, सूज नव्हती, वास नव्हता, पण मला चैन पडेना. पाटी कन्नड, डॉक्टर कन्नड, कंपाउंडर आपल्यातला, आणि मोत्याला दोन्ही येतात. डॉक्टर "बा" म्हणाले तर शहाण्यासारखा टेबलाजवळ गेला. घरी "ये" म्हणून तीनदा ओरडावं लागतं. पाय उलटून बघितला आणि म्हणाले, "एनू आगंगिल्ल री," म्हणजे काही होत नाही हो. टाके नकोत. गादीवर सारखं वजन पडतं, तिथे टाका धरून राहणं अवघड, आणि चीर उथळ आहे. दहा-बारा दिवसांत भरेल, तोवर पळायचं नाही. पू, वास, सूज दिसली किंवा दोन दिवस पाय टेकलाच नाही, तर परत आणा.

त्यांनी रेबीजच्या इंजेक्शनची तारीख विचारली आणि मी बावळटासारखी बघत बसले. घरी येऊन शोधलं. कालनिर्णयच्या पाठीमागे, खताच्या हिशोबाखाली, बाबांच्या अक्षरात "मोत्या सुई". दीड महिना उलटून गेलाय. काल जाऊन देऊन आणली, आणि पुढच्या वर्षीची तारीख दाराच्या मागे खडूने लिहिलीय. पुसू नका.

बाबा, डॉक्टरांनी "जात कुठली" विचारलं, तेव्हा तुमच्या वतीने "अर्धा मुधोळ" सांगितलं. ते हसले. मी तुमची सगळी माहिती ओतली, मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी जपलेली जात, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलेली, सैन्यात घेतलेली. त्यांनी मोत्याची छाती बघितली, पोट बघितलं, आणि म्हणाले, पाय आहेत खरे लांब. पोटाबद्दल बोलले नाहीत. आई, भाकरीवर तूप कमी कर.

आता चिडायची जागा. बाबा, गेल्या वर्षी त्याच बांधावर तुमच्याही टाचेला काच लागली होती. तुम्ही तीन दिवस चुना-हळद भरून गप्प होतात. आईला कळलं ते मोज्याला लागलेल्या डागावरून. तुम्हाला साखर आहे, तळव्याला दुखणं कमी जाणवतं, म्हणजे मोत्यापेक्षा तुमचं अवघड, तो निदान लंगडतो तरी. त्या वेळी मी फोनवर विचारलं होतं आणि तुम्हीही "सगळं बरं आहे" म्हणाला होतात. रविवारी तेच शब्द माझ्या तोंडून गेले तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला. खडेबाजारातून तुमच्यासाठी गमबूट आणलेत, आठ नंबर. घाम येतो म्हणाल. येऊ दे. आणि हात-आरसा देवघराच्या कोनाड्यात ठेवलाय, डोळा स्वच्छ झाला की रोज रात्री तळवे स्वतः बघायचे. तोवर आई बघेल. डॉक्टर हो म्हणेपर्यंत शिवारात जायचं नाहीच.

बुधवारी पोतं घेऊन बांधावर गेले. अख्ख्या बाटल्या अकरा, आणि फुटक्या काचा अर्धं पोतं. वरच्या गल्लीतले मास्तर आणि दोन पोरं मदतीला आली. मास्तरांच्या बैलाच्या खुरात पावसाळ्यात अशीच काच गेली होती म्हणे. पंचायतीत सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज देतोय, बाबांची सही लागेल. मसूर मात्र झकास उगवलाय, भातकापणीनंतरची ओल या वर्षी चांगली टिकलीय.

घट मांडला आज, पाच फळं मिळाली. काकूंना हळदीकुंकवाला बोलावलंय, येतात का बघू. मोत्या उंबऱ्यात बसलाय, पाय पुढे काढून, येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टी दाखवत. रविवारी पट्टी काढून बघेन, गुलाबी कातडी धरली असेल तर पाय मोकळा ठेवेन, पळू मात्र देणार नाही. तेव्हा फोन करते, त्याच्या कानाशी धरते. बाबा, तुम्ही हाक मारा, जरा मोठ्याने.

तुमची,
धाकटी

ता. क. : मोत्याच्या पायात बाबांचा खाकी मोजा आहे, टाच कापून. त्याचा जोड कपाटात तसाच आहे, उगीच दुसरा शोधत बसू नका.