रस्ता बांधणाऱ्यांची नावेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेच्या गाइरांगेर फ्योर्डवरचा (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावरचा) लेख वाचला. धबधबे, क्रूझ, माथ्यावरून दिसणारे निळे पाणी, सगळे छान उतरले आहे. पण ज्या रस्त्याने लेखिका त्या माथ्यावर पोचल्या, तो कोणी बांधला याची एक ओळही नाही. माझी नोकरी बांधकाम खात्यात, घाटरस्त्यांवर झाली. म्हणून हे मनाला लागले.

तो रस्ता १८८९ साली पुरा झाला. आखणी अभियंता नील्स होव्डेनाक यांची. रस्ते खात्याचे संचालक तेव्हा हान्स हागेरुप क्राग (१८२९–१९०७) होते, मूळचे लष्करातले अभियंता अधिकारी. १८७४ ते १९०३ ते याच पदावर राहिले. डोंगर ओळखायला एका माणसाला एवढा अवधी मिळाला, हे मला फार मोलाचे वाटते.

सुमारे ३०० मजूर आठ उन्हाळे तिथे राबले. हिवाळ्यात बर्फामुळे तो घाट आजही बंदच असतो. समुद्रकाठापासून हजार मीटरच्या वर चढायचे, तेही घोडागाडीला झेपेल अशा बेताने; म्हणजे चढ कमी ठेवायचा तर लांबी वाढवायची, वळणामागून वळण घ्यायचे. एके ठिकाणी तर रस्ता गोल फिरून दगडी पुलावरून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. त्याला ‘क्नूतेन’ म्हणतात. गाड्या आता बाजूच्या नव्या रस्त्याने जातात, पण जुने वळण मोडलेले नाही, लोक त्यावरून पायी जातात. हे पाहून मला हेवा वाटतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या रस्त्याला सुवर्णपदक मिळाले. नॉर्वेतल्याच स्ट्रीनच्या डोंगरातला २७ किलोमीटरचा जुना रस्ताही (१८९४) क्राग यांच्याच कारकिर्दीतला. दरीच्या कडेने ओळीने रोवलेले दगड तिथे अजून उभे आहेत.

राजधानीलगतच्या व्होक्सेनकोलेन टेकडीवर शहरातल्या लोकांना जाता यावे, यासाठीही क्राग झटले. तिथे १९०९ मध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. रस्तेवाल्याचा पुतळा!

आपल्याकडचे कितीतरी पर्यटक दर उन्हाळ्यात गाइरांगेरला जातात. पुढच्या लेखात होव्डेनाक आणि क्राग ही नावे जरूर द्यावीत. आणि आपल्या घाटांवर लिहाल तेव्हा आखणी कोणाची, मोऱ्या आणि संरक्षक भिंती कोणाच्या देखरेखीखाली झाल्या, तेही जुन्या नोंदींतून शोधून छापावे. त्या शोधात मी लागेल ती मदत करीन.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सातारा