मालदिनी ‘नावावर’ खेळला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला इटलीच्या मिलान क्लबचा बचावपटू पाओलो मालदिनी याच्यावरचा लेख वाचला. वेग गेल्यावर शेवटची काही वर्षे तो निव्वळ नावावर खेळला, असे लेखकमहाशय म्हणतात. पुरावा काय, तर शेजारच्या चौकटीतला फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधला ‘पेस’चा, म्हणजे वेगाचा आकडा. धन्य आहे!

तो आकडा कशाचा असतो हे तरी आधी पाहायचे. पेसमध्ये अ‍ॅक्सिलरेशन आणि स्प्रिंट स्पीड एवढेच मोजतात, आणि सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, एकूण रेटिंगमध्ये त्यांना जेमतेम जागा असते. भर असतो तो टॅकल (चेंडू हिसकावणे), इंटरसेप्शन (पास मध्येच अडवणे), मार्किंग, हेडिंग आणि ताकदीवर. तरी मुले पेसच बघतात, कारण खेळाडू बदलायचे एल-वन बटण दाबून डिफेंडर हातात घेतला की कुठे उभे राहायचे हे त्याचे डोके ठरवत नाही, तुमचा अंगठा ठरवतो. अंगठा चुकला की मागे धावायला पेस लागतो. त्यात बचावाची लाइन पार पुढे, पळायचे आर-टू बटण सतत दाबलेले आणि ऊठसूट चौकोनाचे बटण दाबून स्लायडिंग! त्याऐवजी डेप्थ कमी करून ती लाइन थोडी मागे आणावी, आर-टू सोडून एल-टू धरावा, समोरच्याकडे तोंड ठेवून मागे सरकावे आणि त्याचा टच लांब गेला की मगच टॅकल टाकावा. संथ सेंटर बॅकही पुरतो. मालदिनीचा खरा हुन्नर धोका आधीच ओळखून जागा धरण्याचा. गेम नेमका तोच त्याच्याकडून काढून घेतो आणि मग पायांना मार्क देतो. ते मार्क आपण छापले.

१९९४ च्या चॅम्पियन्स लीगच्या अथेन्समधल्या अंतिम सामन्यात मिलानचे सेंटर बॅक बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित होते. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, मालदिनीला मध्यभागी आणले आणि समोर रोमारियो-स्टोइचकोव यांच्यासारखे आक्रमक असून बार्सिलोनाला एकही गोल करता आला नाही. मिलान ४-०. त्याच अथेन्समध्ये २००७ साली, अडतिसाव्या वर्षी, लिव्हरपूलविरुद्ध तो कर्णधार म्हणून पूर्ण वेळ खेळला आणि चषक घेऊन गेला. नावावर? २००९ मध्ये थांबला तेव्हा एकट्या मिलानकडून ९०२ सामने झाले होते. सान सिरोवरच्या निरोपाच्या सामन्यात आपल्याच काही पाठीराख्यांनी त्याला शिट्ट्या मारल्या, निष्ठेचे हे फळ. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, चौकटीला मात्र पाव पान!

आणि छायाचित्र कोणाचे छापलेत? पाठीवर १३ आकडा स्वच्छ दिसतो. तो मिलानचाच दुसरा बचावपटू नेस्टा. मालदिनीचा ३, जो मिलानने त्याच्यानंतर निवृत्त केला. रोहितच्या जागी विराट छापला गेला असता तर आजच्याच अंकात दिलगिरी आली असती. इथेही यावी, ही नम्र विनंती.

जाता जाता : नाशिकच्या शालेय फुटबॉलच्या बातमीत ‘अमुक संघ विजयी’ एवढेच येते. गोल किती झाले, तेही छापत जा.

— एक जुना वर्गणीदार, इंदिरानगर, नाशिक