रतामाच्या झुडपाखाली

दिमोना, इस्राएल
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

प्रिय आईस,
सप्रेम सलाम.

हे पत्र दादाला स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवायला सांग, बाबांच्या खोलीत नको. त्यांना पक्षाघात झाल्यापासून, फोन येतो तेव्हा तू त्यांच्या उशाशी बसलेली असतेस, मग तुलाही मोकळं बोलता येत नाही आणि मलाही. आज शब्बाथ, इथला विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधीच इथल्या बसही बंद होतात, त्यामुळे मी घरीच आहे. मी सांभाळते त्या आजी जेवून झोपल्यात, तेवढ्यात लिहिते.

पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले आणि बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, हे सांगताना तू रडलीस. इतकी वर्षं मंडळीचे पंच राहिलेले बाबा आता म्हणतात, "देवा, पुरे झालं, ने मला." तुला त्याची लाज वाटली. आई, शास्त्रात १ राजे, एकोणिसावा अध्याय काढ, चौथं वचन. हेच बोलणं तिथे एलीया संदेष्ट्याच्या तोंडी आहे. त्याच एलीयाच्या, ज्याच्या प्रार्थनेने आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडला होता!

तो आदला अध्याय बाबांचा किती आवडता! तीन वर्षांच्या दुष्काळानंतर एलीया चाकराला समुद्राकडे बघायला पाठवतो, चाकर सहा वेळा परत येऊन "काही नाही" म्हणतो, आणि सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो. बाबा उपदेशाला उभे राहिले की १९७२च्या दुष्काळावर यायचेच. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आभाळाकडे बघायचं. पण त्याच्या पुढच्या अध्यायावर ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आपल्याला विजयाचे अध्याय पाठ असतात.

पुढच्या अध्यायात एलीया जीव वाचवायला पळतो. बैर-शेबा इथे चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालून जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. ते बैर-शेबा माझ्यापासून बसने पाऊण तासावर आहे, आजींना मोठ्या डॉक्टरांकडे तिथेच नेते. वाटेवर ही झुडपं दिसतात, इथे त्यांना रोतेम म्हणतात. सध्या पांढऱ्या फुलांनी भरलीत. पण आई, त्याला पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या काड्या, आणि सावली चाळणीतून गळल्यासारखी. लहानपणी चित्रात मी एलीयाला चांगल्या डेरेदार झाडाखाली बसवलेलं पाहिलं होतं. खरं झुडूप बघितलं तेव्हा कळलं की बिचाऱ्याला धड सावलीसुद्धा नव्हती.

आणि देवाने काय केलं? रागावला नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असं विचारलं नाही. त्याला झोपू दिलं. दूत आला, त्याने हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं आणि तो पुन्हा झोपला, तरी चाललं. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा हात लावला, पुन्हा खायला सांगितलं, वाट तुला झेपायची नाही म्हणून. होरेब डोंगर, देवाची ती मंद वाणी, ते सगळं त्यानंतर, चाळीस दिवस चालल्यावर. मी हा अध्याय वाचताना नेहमी घाईने मंद वाणीपर्यंत पोचायचे. रोज एका म्हाताऱ्या माणसाला उठवायचं, भरवायचं, निजवायचं काम करायला लागले तेव्हा ती भाकर माझ्या नजरेत भरली.

आजींना एलीया माझ्यापेक्षा जवळचा. त्या रेवदंड्याच्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, साठ वर्षं झाली इथे येऊन, पण मराठी अजून अलिबागकडची. घरात काही चांगलं झालं की त्या एलियाहू हनाबीच्या, म्हणजे याच एलीयाच्या, नावाने मलिदा करतात, गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि फळं. त्यांना मी बाबांचं सांगितलं तर म्हणाल्या, "अगो, नबी दमला होता, बाप पण दमला असंल. भरव त्याला."

तेव्हा तुला एक विनवते. केडगावला मुक्ती मिशनमध्ये तू शिकलीस, त्यामुळे पंडिता रमाबाई तुझ्या तोंडी असतातच. त्यांची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, स्वतःची तब्येत खालावलेली, तरी मराठी शास्त्राच्या भाषांतराचं काम पूर्ण करूनच त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटले. ती गोष्ट मलाही प्रिय आहे. पण सध्या बाबांना ती सांगू नकोस. पडलेल्या माणसाला ती गोष्ट मोजपट्टीसारखी लागते.

आणि डॉक्टरांना बाबांच्या उदासीबद्दल नक्की सांग. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला अशी उदासी येते, इथे आम्हाला ते शिकवलंय. त्यावर औषध आहे. ते औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्यांना माझा हा अध्याय दाखव. भाकर सुद्धा दुतानेच आणली होती.

माझंही एक सांगते, तेव्हा तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोलले नाही. गेल्या जूनमधल्या इराणशी झालेल्या युद्धाच्या त्या बारा दिवसांत सायरन वाजला की मी आजींना चाकाच्या खुर्चीत घालून घरातल्या सुरक्षित खोलीत न्यायचे, दार लावायचे आणि वाट बघायची. माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघायचा नाही. प्रभूची प्रार्थनासुद्धा "आजची भाकर"च्या पुढे जायची नाही. आजी हिब्रूत १२१वं स्तोत्र म्हणायच्या. मला शब्द कळायचे नाहीत, पण सूर ओळखीचा झाला होता, आणि मी त्यांचा हात धरून त्यावर टेकून राहायचे. माझ्या वाटची प्रार्थना त्या दिवसांत त्यांनी केली. बाबांच्या वाटची आता तू कर. त्यांच्या खोलीत नेहमीसारखी म्हण, त्यांनी आमेन म्हटलं नाही तरी थांबू नकोस.

आजींनी मला एक शब्द शिकवलाय, तिक्वा. म्हणजे आशा. यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीला बांधलेल्या लाल दोरीलाही तोच शब्द आहे. ते ऐकल्यावर मला बाबा ओसरीवर घायपाताच्या वाखाचं चऱ्हाट वळताना दिसले. ते पीळ द्यायचे आणि मी दुसरं टोक धरून मागे मागे सरकायचे. टोक सोडलं की सगळा पीळ उलगडायचा, म्हणून ओरडायचे, "धरून ठेव गं, बाकी मी बघतो."

बाबांना ठसका लागतो म्हणालीस ना? आडवं ठेवून भरवू नकोस. पूर्ण बसव, भाकरी दुधात मऊ कुस्करून छोटे घास दे, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू दे. रविवारी तुमच्या रात्री आठ वाजता, म्हणजे माझ्या साडेचारला, फोन करते. दादाला सांग, फोन बाबांच्या समोर नीट टेकवून ठेव. त्यांनी बोलायला नको. मला फक्त त्यांना जेवताना बघायचंय.

तुझी,
धाकटी